अकरा किलोंचं थेटर

सकाळी ६.३०

कौलांखाली आडव्या ठेवलेल्या माणगा बांबूच्या काठ्या एकेक करून हातात घ्यायच्या, डोळ्यासमोर धरून बाक बघायचा आणि अंगठा दाबत गाठीगाठीवरून फिरवायचा. पिवळट पीठ बोटाला लागलं तर काठी बाजूला टाकायची, कारण भुंगा आत शिरलेला असतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेल्या काठ्यांत हे क्वचितच होतं, तरी तपासल्याशिवाय करवत लावायची नाही.

काम आहे कळसूत्री बाहुल्यांच्या फिरत्या रंगमंचाचं. कुडाळला लागूनच पिंगुळी. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. एकेकाळी सावंतवाडी संस्थानाचा आधार होता, देवळांत ठरलेले खेळ होते. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव पेपरांत आलं. पण माझ्याकडे आलेल्या बाहुलीवाल्या मामांचा हिशोब साधा होता. नुसत्या देवळांतल्या खेळांवर वर्ष निघत नाही. आठवडा बाजार, एसटी स्टँड, मालवणचा किनारा, जिथं माणूस जमतो तिथं जायचं. जाणार दोघंच, मामा आणि त्यांची सून. एकाच्या खांद्यावर थेटर, दुसऱ्याच्या हातात पेटारा.

थेटर हा त्यांचाच शब्द.

लोखंडाचा एक इंची चौकोनी पाईप, १६ गेजचा, मीटरला जवळपास १.२ किलो भरतो. आमच्या सांगाड्याला साधारण १६ मीटर लागतात, म्हणजे नुसता सांगाडाच १९ किलो. ॲल्युमिनियममध्ये तो साडेसहा किलोंवर येतो. पण ते वाकलं की खेड्यात ते जोडणारा मिस्त्री मिळत नाही. माणगा वजनाला ॲल्युमिनियमच्याच जोडीला बसतो, आतून जवळजवळ भरीव असतो आणि मोडला तर कुणाच्याही बांधावरून दुसरा तोडून आणता येतो. मागे एका सरकारी योजनेतून याच भागातल्या कलाकारांना लोखंडी रंगमंच मिळाला होता. मजबूत होता, रंगही झकास होता. टेम्पोशिवाय तो हलेना. एका शाळेच्या पडवीत त्याच्यावर आता पोरं दप्तरं ठेवतात.

सगळ्यात लांब काठी ४ फुटांची. त्याहून लांब काही नाही. ६ फुटांची उंची दोन तुकडे जोडून गाठायची.

८.००

मिस्त्री आले, चहा झाला, खोबण्या जोडायला घेतल्या. लोखंडी नळीचे वीतभर तुकडे, काटकोनात डागून केलेले. बांबूची अडचण अशी की दोन काठ्या एका जाडीच्या नसतात. नळी मात्र सगळीकडे एकच. म्हणून प्रत्येक काठीचं टोक रंध्याने उतरवून नळीच्या मापाला आणायचं, आणि कापताना गाठ टोकापासून बोटभर आत राहील असं बघायचं. गाठ जवळ असली की टोक उकलत नाही. पेराच्या मध्यावर कापलेली काठी चार खेळांत चिरते.

नट-बोल्ट कुठंच नाही. विंग नट दिसायला सोयीचा, पण वाळूत पडला की गेला. त्याऐवजी फणसाच्या लाकडाच्या पाचरी, आणि प्रत्येक पाचर आपापल्या काठीला दोरीने बांधलेली. सुटं काही राहिलंच नाही तर हरवणार काय?

मिस्त्रींनी काठ्यांना रंगाचे पट्टे मारू या म्हटलं, लाल पुढच्यांना, निळे मागच्यांना. मी खाचा पाडायला सांगितल्या. पुढच्या पायाला एक खाच, मागच्याला दोन, आडव्या काठीला तीन. खेळ संपतो तेव्हा अंधार पडलेला असतो. अंधारात रंग दिसत नाही, खाच बोटाला लागते.

९.३०

मामा पेटारा घेऊन आले. सून मागून, हातात तालाचा हुडूक.

सांगाडा उभा केला. ५ फूट रुंद, ६ फूट उंच, ३ फूट खोल. पुढून झालर, खाली पडदा, मध्ये उघडी चौकट. बाहुल्या नाचायचा पाटा मी जमिनीपासून २ फूट ३ इंचांवर बसवला होता. मागच्या काळ्या पडद्यावरून मामांनी हात पुढे काढायचे. हात आणि तोंड वरच्या झालरीआड. पूर्वी ते जमिनीवर बाहुली नाचवत, त्यामुळे पहिल्या ओळीतली पोरं सोडली तर कुणाला धड दिसत नसे. राजस्थानच्या कठपुतळीवाल्या भाटांनी दोन खाटा उभ्या करून, पुढे कमानींचा पडदा लावून त्यांच्यापुरता आडोसा केला. पण त्यांचीही बाहुली जमिनीवरच. ती वर उचलली म्हणून मी खूश होतो.

मामांनी सीता काढली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, हातभरापेक्षा लहान. या बाहुल्यांना पाय नसतात. खांद्यातून हात हलतात, बाकी सगळी चाल घागऱ्याच्या घेरात. मामांनी तिला डावीकडून आणली, मध्यावर थांबवली, पुन्हा चालवली. मग दोरे हातावर गुंडाळून पाट्याकडे बघत राहिले.

“बाबू, ही सीता आसा मरे. स्वयंवराक येता. ही अशी थरथरत येतली?”

मला आधी काही कळेना. मग त्यांनी तिलाच खाली उतरवलं, शेणाने सारवलेल्या अंगणात, दोरे पूर्ण सोडले आणि चालवली. फरक लगेच दिसला. अंगणात ती झुलत, सावकाश येत होती. पाट्यावर तिचा झोका तुटत होता.

कारण उघड आहे, एकदा दिसल्यावर. बाहुली म्हणजे लंबकच. दोरा जेवढा लांब तेवढा झोका संथ. झोक्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. अंगणात मामांच्या बोटांपासून बाहुलीच्या मध्यापर्यंत ३८ इंच भरले. त्याचा एक पूर्ण झोका जवळजवळ २ सेकंदांचा. पाटा वर आल्याने ते अंतर २३ इंच झालं, झोका दीड सेकंदाचा. अर्ध्या सेकंदाचाच फरक, पण मामांच्या बोटांना सगळं गाणं त्या दोन सेकंदांवर बसलेलं आहे. हुडूकाचा ठेकाही त्याच चालीला धरून. सून वाजवत होती, बाहुली तिच्या पुढे पळत होती.

“घागऱ्यात वजन घातलं तर?” मिस्त्रींनी विचारलं. वजनाने झोका संथ होत नाही, लांबीनेच होतो. वजन वाऱ्यात उपयोगी पडेल. तो विषय दुपारचा.

मामांना पाटा खाली हवा होता. मला वर. बराच वेळ खालीवर झालं. शेवटी पाट्याच्या खुंट्यांना पायांत आणखी भोकं पाडली आणि १ फूट ९ इंचांवर येऊन थांबलो. दोरा ६ इंचांनी वाढला, झोका पावणेदोन सेकंदांच्या आसपास आला. मामा म्हणाले, सवय करतलंय. ते खुशीत नव्हते, पण नाही म्हणाले नाहीत.

११.१५

खाली आलेल्या पाट्यावरचं लोकांना दिसणार कसं, हे कागदावर मांडून बघितलं.

उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ५ फुटांवर धरा, टाळू त्याहून ४ इंच वर. दोन रांगांत २ फूट, आणि पहिली रांग थेटरापासून ६ फुटांवर. दुसऱ्या रांगेतल्याची नजर पुढच्याच्या टाळूवरून जाताना २ फुटांत ४ इंच चढते, आणि थेटरापर्यंत पोचेतो आणखी १ फूट. म्हणजे ती ६ फूट ४ इंचांवर पोचते. थेटर आहे ६ फुटांचं! दुसऱ्या रांगेला ते आख्खंच्या आख्खं दिसणार नाही, फार तर दोन डोक्यांच्या फटीतून. पाटा २ फूट ३ वर असता तरी तेच झालं असतं. उंचीने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी मचाण लागेल, आणि मचाण म्हणजे पुन्हा टेम्पो.

सुटतो तो माणसं बसवून. पुढे पोरं मांडी घालून, त्यांची टाळू २ फूट ४ इंचांवर. मागे मोठी माणसं बसलेली, त्यांचा डोळा २ फूट ७ वर. त्यांची नजर पोरांच्या डोक्यांवरून खाली उतरत थेटरापाशी १ फूट ७ इंचांवर येते. पाट्याच्या २ इंच खाली. मामांनी हट्टाने खाली आणलेला पाटा बरोब्बर बसला. त्यामागे उभे राहणारे बसलेल्यांच्या डोक्यांवरून आरामात बघतात.

म्हणून ताडपत्री हा या थेटराचा भाग झाला. अंथरलेली ताडपत्री दिसली की पोरं आपोआप बसतात आणि मागची माणसं बघून बसतात. जपानात १९३० च्या दशकात सायकलवर चित्रांची पेटी लावून गोष्टी सांगणारे कामिशिबाईवाले हिंडायचे. त्यांच्याकडून जो गोळी-खाऊ घेई त्याला पुढची जागा. रस्त्यावर बसवायचं तर काहीतरी युक्ती लागतेच. मामांची सून म्हणाली, गोळ्या परवडायच्या नाहीत, ताडपत्रीच बरी.

१.००

बाजारात कापड. चकाकणारं क्रेप नको, उजेड मारतं. काळं मांजरपाट घेतलं. दमट हवेत ओलसर होतं, पण मागे सोन्यासारखी उठून दिसते बाहुली. शिंप्याने कडेला गाठी घालायचे बंद शिवून दिले. जेवण जवळच्या खाणावळीत, बांगडा आणि भात.

जेवताना दशावताराचा विषय निघाला, इथं तो निघतोच. त्यांचा सगळा रंगमंच म्हणजे एक बाकडा. तोच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. नटांचा पेटारा आधी पुजायचा, मग उघडायचा, आणि खेळ झाला की दुसऱ्या गावाला वाहायचा. “रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजो,” ही म्हण त्यांच्यावरूनच पडली. नेपथ्य कमीत कमी कसं ठेवावं हे शिकायला मी पुण्या-मुंबईत बराच खर्च केला. बाकडा इथंच होता.

२.३०

कुडाळ स्टँड, मालवणची गाडी. टपावर सामान टाकायचे दिवस गेले. ४ फुटांची मोळी दोन सीटांच्या मधे उभी राहते का, हीच आजची पहिली परीक्षा. राहिली. पेटारा मामांच्या मांडीवर, तो ते कुणाकडे देत नाहीत.

कंडक्टरने मोळीकडे बघून विचारलं, “लग्नाचो मांडव खय घालतास?”

“सीतेच्या,” मामा म्हणाले.

तासाभराच्या रस्त्यात मी त्यांना विष्णुदास भाव्यांचं सांगितलं: १८४३ साली सांगलीत त्यांनी केलेलं ‘सीतास्वयंवर’ मराठी नाटकाची सुरुवात मानतात, आणि त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. मामांना त्याचं विशेष वाटलं नाही. बाहुल्या केल्या तर दोरे किती, एवढंच त्यांनी विचारलं.

४.१५

चिवल्याचा किनारा. दुपारनंतरचा खारा वारा सुरू झालेला.

इथं दोन गोष्टींचं भांडण आहे. उजेड हवा तर थेटराचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. लोकांची पाठ समुद्राला, मावळतीचं ऊन थेट बाहुल्यांच्या तोंडावर. बॅटरीचा दिवा सूर्य बुडेपर्यंत लागतच नाही. पण वाराही तिथूनच येतो, उघड्या चौकटीतून आत शिरतो आणि मागच्या पडद्याचं शीड करतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण ४.३ किलोंचा रेटा देतो; आमची दर्शनी बाजू २.८ चौरस मीटर, म्हणजे १२ किलो. थेटर ११ किलोंचं. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. मागे मामा उभे, त्यांच्या अंगावरच येणार सगळं.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. म्हणून सोबत वजन न्यायचं नाही, फक्त रिकामी पोती न्यायची. पुढच्या दोन पायांना एकेक पोतं बांधलं, ओल्या वाळूने भरलं, प्रत्येकी १० किलो तरी. पुढच्याच पायांना, कारण उलटायचं झालं तर थेटर मागच्या पायांवर उलटणार आणि पुढे टाकलेलं वजन त्याला ३ फुटांच्या तरफेने धरणार. मागे टाकलं तर ते नुसतं बसून राहील. तोंड थोडं दक्षिणेकडे वळवलं. उजेड थोडा तिरपा झाला, वारा बराच कमी लागला.

सांगाडा राहिला, सीता राहीना. हलकी बाहुली वाऱ्यावर तिरकी लोंबू लागली, जनक तर पडद्यालाच चिकटला. मामा काही बोलायच्या आत सून किनाऱ्याने चालत गेली. रापणीचं जाळं दुरुस्त करत बसलेल्या मंडळींपाशी थांबली, हसली, काहीतरी बोलली आणि मूठ मिटून परत आली. जाळ्याची शिसं, ओवायच्या मण्याएवढी. सुई-दोरा तिच्या पदराला कायम. सीतेच्या घागऱ्याच्या दुमडीत चार, जनकाला पाच, रावणाला आणखी. मिस्त्रींनी सकाळी सांगितलेलं वजन शेवटी असं आलं, आणि खाली घेरात आल्याने झोकाही किंचित लांबला. मामांनी सीता चालवून बघितली, दोनदा.

“आता येता,” म्हणाले.

५.४०

हुडूक वाजला. ताडपत्रीवर आधी गावातली पोरं, मग कोल्हापूरकडचं एक मोठं कुटुंब. त्यांतल्या आजोबांनी मागच्यांना दटावलं, “अहो, बसा की खाली, काचेची हाय का आम्ही?” बसले. चाळीसेक माणसं असावीत. माईक नाही, वारा मामांचा आवाज जमिनीकडे नेतो आणि लोक समुद्राच्या बाजूला बसलेले, म्हणून पहिली पाच मिनिटं मागे काही पोचत नव्हतं. मामांनी वाक्यं तोडून छोटी केली, सून प्रत्येक वाक्य उचलून पुन्हा म्हणू लागली. ही दुरुस्ती कुठल्याही आराखड्यात बसत नाही.

मी बाहुल्या बघत नाही खेळात. काठ्यांची खोबणी बघतो, पाचरी बघतो. डावीकडची एक सैल होत होती. बांबूचं टोक जरा जास्त उतरलं होतं तिथं. रावणाला धनुष्य उचलता आलं नाही तेव्हा सगळे हसले आणि त्याच धक्क्याने थेटर हललं. पाचर हाताने दाबून धरली, खेळ संपेपर्यंत.

ताटात नोटा पडल्या, तरुण मंडळींनी सुनेच्या गळ्यातल्या क्यूआर कोडवर फोन धरले.

६.५०

माझं घड्याळ आता सुरू होतं. ऑर्डर देताना मामांनी एकच अट घातली होती: “वजन किती ता माका सांगू नको. आवरूक किती येळ लागतलो, ता सांग.”

रस्त्यावर खेळ करणाऱ्याला उभारायला वेळ असतो. लोक जमत असतात, ढोल-हुडूक चालू असतो, उभारणी हाही खेळाचाच भाग. आवरताना मात्र सगळं अंगावर येतं. सर येते. दारूडा येतो. पोलीस येऊन परवानगीचा कागद मागतो, आणि कागद असला तरी ‘आवरा आता’ म्हणतो. शेवटची एसटी असते. आमच्या धंद्यात चित्रं काढली जातात ती उभ्या रंगमंचाची. मिटलेल्याचं चित्र कुणी काढत नाही, स्पर्धांतही मागत नाहीत.

आधी बाहुल्या. दोरे गुंतू नयेत म्हणून प्रत्येकीचे दोरे तिच्याच दांडीवर आठाच्या आकड्यात गुंडाळून, रुमालात, पेटाऱ्यात. त्या आत गेल्याशिवाय मामा काठीला हात लावू देत नाहीत. मग पडदे, ते सोडायचे नाहीत, वरच्या आडव्या काठीवरच गुंडाळायचे, बंद त्यालाच. मग पोती उलटी करून वाळू वाळूत. शेवटी सांगाडा. काळोख झाला होता. सून डोळे समुद्राकडे ठेवून बोटांनी खाचा चाचपत होती: एक, एक, दोन, तीन. काठ्या चढत्या क्रमाने ताडपत्रीवर, ताडपत्री गुंडाळली की तीच पिशवी, वर दोन पट्टे, खांद्याला.

नऊ मिनिटं. मामांना सहा हवीत.

८.१५

परतीच्या गाडीत गर्दी. मोळी दारापाशी उभी, एक मुलगा तिला टेकून झोपलेला.

तीन मिनिटं कुठून काढायची? दोन तर बाहुल्यांत गेली, ती मी कमी करणार नाही. खोबणीत वाळू गेली होती, काठ्या ओढून काढाव्या लागल्या. नळीला खालून भोक पाडलं तर वाळू गळून जाईल. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. डावीकडची सैल काठी बदलायची. पट्टे सुनेच्या उंचीने करायचे, कारण मोळी तीच वाहते. मी मापं मामांची घेतली होती, ऑर्डर त्यांची म्हणून. पावसाळ्यासाठी मांजरपाटावर काय, ते बघावं लागेल.

बिलाचं मामांनीच काढलं. निम्मे आधी दिले होते. बाकीचे?

“पैसे पावसापयले देतलंय,” ते म्हणाले. “पन थेटर माका बुधवारी होया. कुडाळचो बाजार आसा.”